त्वचेचा कर्करोग : सगळ्यांना तपासावे की नेमक्यांना?

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेला लागून श्लेस्विग-होल्श्टाइन नावाचे राज्य आहे. लोकसंख्या सुमारे २८ लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याएवढी. जुलै २००३ ते जून २००४ या वर्षभरात तिथे एक मोठा प्रयोग झाला. सरकारी विमा असलेल्या, विशी ओलांडलेल्या कोणीही डॉक्टरकडे जावे आणि अंगावरची सगळी त्वचा तपासून घ्यावी, असे आवाहन करण्यात आले. ३,६०,२८८ लोक आले. पात्र लोकांपैकी हे १९ टक्के होते.

तपासणी दोन टप्प्यांत होती. पहिली नजर साध्या डॉक्टरची. त्यासाठी फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ वगैरेंना आठ तासांचे खास प्रशिक्षण दिले होते. कपडे उतरवून टाळू, कानामागची जागा, पाठ, पायाच्या बोटांच्या बेचक्या असे सगळे पाहायचे. शंका आली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचे. त्यालाही शंका वाटली, तर तो भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा (बायोप्सी). जवळपास १६ हजार लोकांच्या त्वचेचे असे तुकडे काढले गेले. त्यांतून त्वचेचे ३,१०३ कर्करोग सापडले. त्यांतले ५८५ सर्वांत घातक प्रकारचे, म्हणजे मेलानोमा होते.

पाच वर्षांनी आकडे आले तेव्हा सगळीकडे आनंद झाला. राज्यातले मेलानोमाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्याआधीच, जुलै २००८ मध्ये, जर्मनीने ही तपासणी देशभर लागू केली होती : वय ३५ च्या पुढे, दर दोन वर्षांनी, विम्याच्या खर्चाने. आता काही वर्षांत सगळ्या देशात मृत्यू घटतील, अशी अपेक्षा होती.

तसे झाले नाही. पुढची पाच-सहा वर्षे देशातला मेलानोमाचा मृत्युदर होता तिथेच राहिला. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये तर तो पुन्हा चढून जुन्या पातळीवर गेला. डोळ्यांनी दिसणारा, सुरुवातीला काढला तर पूर्ण बरा होणारा रोग. लाखो लोक तपासले, हजारो कर्करोग सापडले, तरी मृत्यू का कमी झाले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्क्रीनिंग (तक्रार नसलेल्यांची तपासणी) म्हणजे नेमके काय, ते कोणाचे करावे आणि आपल्याकडे काय करावे, हे सगळे उलगडत जाते.

तीन रोग, तीन स्वभाव

त्वचेचा कर्करोग हा एक रोग नाही. सर्वांत जास्त आढळतो तो बेसल सेल कार्सिनोमा. नाक, पापणी, गाल अशा उन्हात राहणाऱ्या जागी चमकदार कडेची लहान गाठ येते. भारतीय त्वचेत ती बहुधा काळपट असते. ती हळू वाढते, शरीरात दूरवर सहसा पसरत नाही. पण दुर्लक्ष केले तर नाक-डोळा पोखरते. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. खरखरीत चट्टा, कडा वर आलेला व्रण, सहज रक्त येणारी गाठ अशा रूपात तो दिसतो आणि लसिकाग्रंथींत पसरू शकतो. तिसरा मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग संख्येने कमी, पण मारक क्षमतेने सर्वांत वरचा. २०२० साली जगभरात त्याचे सुमारे सव्वातीन लाख नवे रुग्ण आणि ५७ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

मेलानोमाचे भवितव्य मुख्यतः एका मापावर ठरते : तो त्वचेत किती खोल गेला आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये हे माप मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक सगळे रुग्ण वाचतात; चारच्या पुढे गेली तर चित्र गंभीर होते. लवकर पकडण्याचा सगळा आग्रह या तीन मिलिमीटरांच्या अंतरातून आला आहे.

आकड्यांचा चकवा

जर्मनीतल्या यशाबद्दल ज्यांना शंका आली, त्यांनी आधी साधा हिशेब मांडला. तपासणीला आले १९ टक्के लोक, आणि मृत्यू घटले जवळपास ५० टक्के. आलेल्यांपैकी एकही दगावला नाही असे धरले, तरी एवढी घट बसवणे कठीण. शिवाय आलेल्यांत जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, तरी पुरुषांचे मृत्यूही तेवढेच घटलेले दिसत होते. छोट्या राज्यात मेलानोमाचे वार्षिक मृत्यू मुळात थोडे असतात, त्यामुळे योगायोगानेही आकडा बराच वरखाली होतो. ज्या काळात मेलानोमाचे मृत्यू घटले, त्याच काळात मूळ जागा नीट न नोंदलेल्या कर्करोगांचे मृत्यू वाढले होते, याकडेही संशोधकांनी बोट दाखवले. म्हणजे घटीचा काही भाग मृत्यूच्या दाखल्यावर कारण कसे लिहिले गेले, यातून आलेला असू शकतो.

दुसरा चकवा जगण्याच्या वर्षांचा. ‘तपासणीत सापडलेले रुग्ण निदानानंतर जास्त वर्षे जगतात’ हे वाक्य खरे असते, पण त्यावरून तपासणीने आयुष्य वाढले असे ठरत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसला एक जण मिरजेला चढतो, दुसरा पुण्याला. मिरजेवाल्याचा प्रवास कितीतरी लांब होतो, पण दोघे मुंबईला उतरतात एकाच वेळी. रोग तीन वर्षे आधी कळला आणि मरणाची तारीख तीच राहिली, तर वाढले ते रुग्ण म्हणून काढलेले दिवस. म्हणून स्क्रीनिंगचा खरा निकष एकच : सगळ्या लोकसंख्येत त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या घटली का?

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखी दिसणारी प्रत्येक गाठ पुढे जाऊन माणसाला मारतेच असे नाही. काही इतक्या सावकाश वाढतात की माणूस ऐंशीव्या वर्षी दुसऱ्याच कारणाने जातो आणि गाठ तिथल्या तिथे असते. अशी गाठ शोधून काढणे म्हणजे अतिनिदान. अमेरिकेचे आकडे इथे बोलके आहेत. १९७५ नंतरच्या सुमारे चार दशकांत तिथे मेलानोमाच्या निदानांचे प्रमाण जवळपास सहापट झाले, पण मृत्यूचे प्रमाण बहुतेक काळ जवळजवळ सपाट राहिले. खरा रोग सहापट झाला असता, तर मृत्यू इतके स्थिर राहणे अवघड होते. त्यामुळे जास्त तपासण्या, जास्त बायोप्सी आणि ‘कर्करोग’ म्हणण्याची खाली आलेली पायरी, हेच या वाढीचे मोठे कारण असल्याचे काही तज्ज्ञ मानतात. मृत्यू खऱ्या अर्थाने घटू लागले ते २०११ नंतर नवी औषधे आल्यावर : प्रथम इपिलिमुमॅब आणि वेमुराफेनिब, मग पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब.

पॅथॉलॉजिस्टचा शब्द तरी अंतिम असतो का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २४० बायोप्सींचे नमुने १८७ पॅथॉलॉजिस्टना दाखवले. निर्धोक तीळ आणि खोल गेलेला मेलानोमा, या दोन टोकांवर बऱ्यापैकी एकमत झाले. पण मधल्या गटांत, जिथे साशंक तीळ आणि अगदी सुरुवातीचा मेलानोमा येतो, तिथे तज्ज्ञ मंडळाच्या निदानाशी निम्म्याहून कमी वेळा जुळणी झाली. आणि सरसकट तपासणीत सर्वांत जास्त सापडतात ते याच मधल्या गटातले डाग.

याची किंमत सामान्य माणूस मोजतो. श्लेस्विग-होल्श्टाइनच्या प्रयोगात एक मेलानोमा सापडायला सरासरी २८ ठिकाणी त्वचा कापावी लागली. सत्तावीस जणांना टाके, व्रण, अहवाल येईपर्यंतची झोपमोड. ज्याला कधीच त्रास झाला नसता अशा माणसालाही ‘तुम्हाला कर्करोग होता’ हे वाक्य जन्मभर वागवावे लागते. जीव वाचत असतील तर ही किंमत देणे योग्यच. पण वाचतात, हे आधी दिसायला हवे.

इतर देशांनी काय केले

जर्मनीने सगळ्यांना बोलावले. अमेरिकेने तसे केले नाही, तेही जिथे त्वचारोगतज्ज्ञांची वाण नाही अशा देशात. तिथल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२३ मध्ये सांगितले, की कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांची सरसकट त्वचा तपासावी की तपासू नये, हे ठरवण्याइतका पुरावाच उपलब्ध नाही. याचा अर्थ तपासू नका असा नाही. फायदा-तोट्याचा ताळा मांडता येत नाही, एवढाच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या मोठ्या रुग्णालय साखळीने फॅमिली डॉक्टरांकडून अशी तपासणी सुरू करून पाच वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये मांडला. पात्र असलेल्या सुमारे सहा लाख रुग्णांपैकी चौथाई तपासले गेले. तपासलेल्यांत वरवरचे आणि पातळ मेलानोमा खूप जास्त सापडले. पण जाड, जीवघेणे मेलानोमा कमी झाले नाहीत. तपासणीला यश आले असते, तर पातळ वाढताना जाड घटायला हवे होते.

ब्रिटनमध्येही निरोगी लोकांना बोलावण्याची योजना नाही. तिथे भर आहे तो डाग बदललेला माणूस फॅमिली डॉक्टरकडे आला, की वेळ न दवडण्यावर. डॉक्टरच्या हाती सात मुद्द्यांची यादी असते. आकार वाढला, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही, या तिन्हींना प्रत्येकी दोन गुण. डाग सात मिलिमीटर किंवा मोठा आहे, सुजला-लाल झाला आहे, त्यातून पाणी-रक्त येते, तिथली जाणीव बदलली आहे, या चारांना प्रत्येकी एक. बेरीज तीन किंवा जास्त झाली, की तातडीने तज्ज्ञाकडे. चिठ्ठी गेल्यापासून २८ दिवसांत कर्करोग आहे की नाही हे रुग्णाला कळावे, असे उद्दिष्ट आहे. यात निरोगी माणसाला छेडले जात नाही आणि शंका असलेला ताटकळत राहत नाही.

ऑस्ट्रेलियाची वाट सर्वांत शिकण्यासारखी. गोऱ्या कातडीचे लोक आणि तळपते ऊन, यामुळे तिथे सत्तरीपर्यंत तीनपैकी दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. तरीही तिथे सगळ्यांसाठी स्क्रीनिंग नाही. क्वीन्सलँडमध्ये गावेच्या गावे दोन गटांत वाटून, काहींत तपासणी करून आणि काहींत न करून, मृत्यूंतला फरक मोजण्याचा नेटका प्रयोग आखला होता. अठरा गावांत सुरुवातही झाली. पण पूर्ण प्रयोगासाठी पैसा मिळाला नाही आणि तो तिथेच थांबला. जगाला हवे असलेले ठोस उत्तर त्यामुळे आजवर कोणाकडेच नाही.

ऑस्ट्रेलियाने दोन गोष्टी केल्या. पहिली, जोखीम मोजली. ज्याला आधी मेलानोमा झाला आहे, ज्याच्या घरात तो आहे, ज्याच्या अंगावर शेकडो तीळ आहेत, ज्याने मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवली आहेत, अशांची बारकाईने, ठरावीक काळाने तपासणी. सिडनीत अतिजोखमीच्या ३११ जणांवर हे करून पाहिले. सर्वांगाची छायाचित्रे काढून ठेवायची, दर सहा महिन्यांनी त्वचा त्यांच्याशी ताडून पाहायची, संशयित तीळ डर्मोस्कोपखाली पाहून त्याचेही चित्र जपायचे. डर्मोस्कोप म्हणजे प्रकाश असलेले हातातले भिंग. त्यातून त्वचेच्या वरच्या थराखालची रंगाची रचना दिसते. या पद्धतीत सापडलेल्या प्रत्येक मेलानोमामागे चार-पाचच निर्धोक तीळ कापावे लागले. जर्मनीतल्या २८ च्या शेजारी हा आकडा ठेवला, की कोणाला तपासायचे हे आधी ठरवल्याने काय फरक पडतो ते दिसते. अशा तपासणीने मृत्यू घटतात, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पण नाहक कापाकापी घटते, यात शंका नाही.

दुसरी गोष्ट, मुळावर घाव. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू झाली : अंगात सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी घाला. सिड नावाचा सीगल पक्षी दूरदर्शनवर नाचून हे सांगायचा. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने आपल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढे दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर मेलानोमाही निम्मा आढळला : एका गटात ११, दुसऱ्यात २२. स्क्रीनिंगच्या बाजूने इतका नेटका पुरावा आजवर पुढे आलेला नाही. कृत्रिम उन्हाने कातडी रापवणारी सोलॅरियम दुकानेही ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांनी २०१५ पर्यंत बंद केली.

यंत्राची नजर

मोबाइलने फोटो काढा, यंत्र सांगेल, हा आजचा सर्वांत मोहक मार्ग. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० चित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली काही निवडक चाचण्यांत त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरली, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पुढे या पद्धतीच्या मर्यादा दिसू लागल्या. डॉक्टर संशयित गाठीचे माप दाखवायला फोटोत पट्टी ठेवतात. त्यामुळे पट्टी दिसली की कर्करोग, असेच यंत्र शिकून बसते, हे संशोधकांच्या लक्षात आले. आपल्यासाठी दुसरी मर्यादा मोठी आहे. शिकवलेली चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची. २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या चित्रांवर या प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची अचूकता स्पष्टपणे घसरली. सर्वसामान्यांच्या फोनमधल्या अॅपवर विसंबता येत नाही, असा निष्कर्ष २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका व्यापक आढाव्याने काढला. डॉक्टरच्या हातात मदतनीस म्हणून यंत्र जरूर यावे. पण अॅपने ‘ठीक आहे’ म्हटले म्हणून बदलणारा डाग अंगावर घेऊन बसू नये.

आपली त्वचा, आपला नकाशा

आता आपल्याकडे वळू. भारतीयांत मेलानोमाचे प्रमाण लाखात एकाच्याही आसपास नाही, त्याहून कमीच आहे. जर्मनीत साधारण सहाशे जणांमागे एक सापडला. आपल्याकडे लाखभर लोकांचे सर्वांग तपासून हाती एखादा लागेल आणि त्यासाठी शेकडो निर्धोक तीळ कापले जातील. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, त्वचेच्या कर्करोगाची नाही. हा निर्णय योग्य आहे. तंबाखूने पोखरलेल्या तोंडांकडे पाहायला जिथे हात अपुरे पडतात, तिथे निरोगी पाठींवरचे तीळ मोजत बसणे परवडणारे नाही.

पण एवढ्यावर थांबलो, तर आपलेच रुग्ण नजरेआड होतील. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग होतो; तो वेगळ्या जागी, वेगळ्या कारणाने होतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत पोटाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या कांगडीने मांड्या-पोटावर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतरामुळे त्याच रेषेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे परकराच्या नाडीच्या जागी स्त्रियांतही तो आढळला. कमरेवर आधी काळी रेघ, मग खाज, सोललेली कातडी, मग न भरणारा व्रण, असा त्याचा क्रम. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकमिश्रित भूजल पिऊन तळहात-तळपायांवर कठीण गाठी येतात आणि त्यांतल्या काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते.

महाराष्ट्रातल्या घरांत सर्वांत जवळचे कारण म्हणजे जुना भाजल्याचा व्रण. स्टोव्हच्या भडक्याने, चुलीने, उकळत्या पाण्याने भाजलेली जागा भरते, पण कातडी ताठ राहते, वारंवार फुटते. दोन-तीन दशकांनी त्या जागी स्क्वॅमस सेल कर्करोग होऊ शकतो. याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायाच्या जुनाट जखमांतही तो होतो. दुखत नाही म्हणून दाखवले जात नाही, आणि दाखवेपर्यंत पाय काढण्याची वेळ येते.

आणि आपल्याकडचा मेलानोमा पाठीवर शोधून उपयोग नाही. सावळ्या त्वचेत तो मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही, त्यामुळे सनस्क्रीन लावून तो टळत नाही. बॉब मार्ली या जमैकन गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. तळपायाचा काळा डाग म्हणजे चिखल्या, काटा मोडला, बूट चावला, असे समजून माणसे महिनोन्‌महिने घालवतात.

हा डाग ओळखायचा कसा, यावर जपानमध्ये फार सुंदर काम झाले आहे, कारण जपान्यांतही मेलानोमा सर्वांत जास्त तळपायावर होतो. आपल्या तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक समांतर रेषा असतात : उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा. शिन्शू विद्यापीठाच्या तोशिआकी साइदा यांनी डर्मोस्कोपमधून शेकडो डाग पाहून दाखवले, की निर्धोक तिळाचा रंग बहुधा खाचांतून ओळीने जातो, तर मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर पसरतो. उंचवट्यांवरचा रंग दिसला, तर १०० मेलानोमांपैकी सुमारे ८६ ओळखता येतात आणि निर्धोक डागाला नाहक कर्करोग ठरवण्याची चूक शंभरात एखादीच होते. म्हणजे खिशात मावणारे एक भिंग आणि पाहायला शिकलेला डोळा, एवढ्यावर हे काम होऊ शकते. भारतातल्या प्रत्येक त्वचारोग विभागात हे शिकवले गेले पाहिजे.

नवी योजना नको, तीन जादा प्रश्न हवेत

मग आपल्यासाठी योग्य मार्ग कोणता? सगळ्यांना बोलावणे नव्हे. जे आधीच घरोघर त्वचा पाहत आहेत, त्यांच्या कामात थोडी भर. २०१६ पासून देशात कुष्ठरुग्ण शोधमोहिमा होतात, महाराष्ट्रातही होतात. आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन माणसांच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा आहे का ते पाहतात. त्याच भेटीत तीन प्रश्न विचारता येतील : चार आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? जुन्या भाजल्याच्या जागी नवी गाठ किंवा रक्त येणारा व्रण आहे का? तळपायावर, तळहातावर किंवा नखात नवा काळा डाग आला आहे का? उत्तर ‘हो’ आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोटोसह जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे. यासाठी नवे यंत्र नको, नवी इमारत नको. ज्यांना जोखीम जास्त, त्यांच्यापर्यंत मात्र हे पोचलेच पाहिजे : जन्मतः त्वचेत रंग नसलेली माणसे, अवयव बदललेले रुग्ण, कुष्ठरोगातून बरे झालेले आणि मोठ्या भाजण्यातून वाचलेले.

रंगहीन त्वचेच्या माणसांसाठी टांझानियाने हे करून दाखवले आहे. किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी गावातल्या वैद्यकीय केंद्राशी जोडलेल्या उपक्रमात सनस्क्रीन स्थानिक पातळीवर तयार होते, आणि गावोगावच्या शिबिरांत ते वाटतानाच त्वचा तपासली जाते. थोड्या लोकांना, नेमक्या जागी, वारंवार पाहिले तर गरीब देशालाही स्क्रीनिंग झेपते, हे तिथे दिसते.

सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी शेजाऱ्यांचे पाहून दरवर्षी सर्वांगाची तपासणी करून घेण्याची गरज सहसा नाही. जोखीम पत्त्यापेक्षा त्वचेवर आणि घरच्या इतिहासावर जास्त अवलंबून असते. तिथल्या डॉक्टरला आपली जोखीम विचारावी आणि तळपाय आवर्जून दाखवावे.

घरातल्या घरात करायचे ते थोडके आहे. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहा. ज्यांना वाकता येत नाही अशा आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे पाय आपण पाहा. नखात नवी काळी पट्टी आली, ती रुंदावत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका. डाग दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा फाटक्या, रंग दोन-तीन, आणि मुख्य म्हणजे तो बदलतो आहे, तर दाखवा. किंवा अंगावरच्या इतर तिळांपेक्षा तो एकटाच वेगळा दिसतो, तरी दाखवा. परकर वा पायजम्याची नाडी दररोज एकाच रेषेवर करकचून बांधू नका. कमरेवर खाज आणि काळी रेघ आली तर रुंद पट्टा वापरा. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, ब्लेड यांचे प्रयोग करू नका. आणि चार आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, दुखत नसली तरी, पाचव्या आठवड्यात डॉक्टरला दाखवाच.